गावाचा बातम्यांचा फळा: निवडायचं काय, लिहायचं कसं आणि ग्रामसभेपर्यंत न्यायचं कसं

पानठेल्यावर सकाळी आलेला पेपर दुपारपर्यंत दहा हातांतून फिरतो. मोबाइलवर तर दिवसभर बातम्यांचा पाऊसच. तरी पीकविम्याच्या शेवटच्या दिवशी सेवा केंद्रावर झुंबड उडते आणि ग्रामसभेत काय ठरलं ते बऱ्याच जणांना नंतरच कळतं. गावात बातम्या कमी नाहीत. त्यांतल्या आपल्या कामाच्या कोणत्या, हे कोणी बसून ठरवत नाही. ते काम तीन-चार माणसं आठवड्यातून एका संध्याकाळी करू शकतात आणि निवडलेल्या बातम्या गावातल्या एका फळ्यावर लिहू शकतात.

आधी माणसं

पेपर रोज वाचणारा एक, मोबाइल नीट चालवणारा एक, बचतगटातली एक ताई आणि अक्षर चांगलं असलेला कोणी. सगळे एकाच पॅनेलचे नकोत, नाहीतर पहिल्याच महिन्यात फळा कोणाचा यावरून भांडण लागेल. तटस्थ माणूस सापडतच नसेल (निवडणूक नुकतीच झालेली असेल तर सापडणार नाहीच), तर दोन्हीकडचा एकेक घ्या. एकमेकांची लबाडी ते बरोबर पकडतात.

बातमी घ्यायची कुठून

पेपरचं पहिलं पान बाजूला ठेवा, जिल्ह्याची आणि तालुक्याची पानं उघडा. दोन पेपर घ्याच, पण एक लक्षात असू द्या: दोन्हीकडे शब्द न् शब्द सारखी बातमी असेल तर ती बहुधा एकाच प्रसिद्धीपत्रकातून आलेली असते. तिला दोन साक्षीदार धरू नका.

विदर्भात हवामानासाठी नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा अंदाज पाहा. शेतकऱ्यांसाठीची जिल्हावार कृषी हवामान पत्रिका मंगळवारी आणि शुक्रवारी निघते. पिकावरच्या किडीबद्दल अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा सल्ला घ्या. औषध विकणाऱ्याचा मेसेज ही बातमी नव्हे. आणि ग्रामपंचायतीचा आराखडा व खर्च ई-ग्रामस्वराज पोर्टलवर कोणालाही पाहता येतो. तिथे नजर टाकली की गावातली सर्वांत मोठी बातमी अनेकदा तिथेच सापडते.

चाळणी

प्रत्येक बातमीला तीन प्रश्न विचारा. आपल्या गावात ही कोणाला लागू? शेवटची तारीख कोणती? त्यासाठी जायचं कुठे? तिन्हींची उत्तरं नसतील तर बातमी कितीही गाजलेली असो, फळ्यावर नको. आठवड्याला पाच बातम्या पुरतात. सातव्या बातमीपर्यंत कोणी वाचत उभं राहत नाही.

कापसाचं उदाहरण घ्या. पेपरात मथळा येतो, ‘सीसीआयची (भारतीय कापूस महामंडळाची) खरेदी सुरू’. त्यावरून बैलबंडी भरायची की थांबायचं हे कास्तकाराला कळत नाही. फळ्यावर असं लिहा: ‘लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 8,110 रुपये क्विंटल (हंगाम 2025-26). ओलावा 8 टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यावर कपात, 12 च्या वर घेत नाहीत. कपास किसान ॲपवर नोंदणी लागते.’ खाली जवळचं केंद्र आणि नोंदणीची मुदत. आता त्या बातमीवरून कापूस आणखी दोन दिवस वाळवायचा का, हे ठरवता येतं.

जुन्या बातमीची मात्र फार भीती बाळगा. 2023 मध्ये सुरू झालेला एक रुपयातला पीकविमा 2025 च्या खरिपापासून बंद झाला. हप्ता पुन्हा कास्तकाराकडे आला: खरिपाच्या धान्य-तेलबियांना विमा रकमेच्या जास्तीत जास्त 2 टक्के, कापसाला 5 टक्के. पण एक रुपयाचा जुना मेसेज कोणी आज पुढे ढकलला तर तो खोटा वाटणार नाही, कारण एकेकाळी तो खरा होता. म्हणून फळ्यावर प्रत्येक बातमीशेजारी ती कोणत्या तारखेची आणि कुठून घेतली ते लिहा. हा नियम कधीही मोडू नका.

खात्री

व्हॉट्सॲपवर मेसेजवर दोन बाण दिसले म्हणजे तो अनेकदा पुढे पाठवला गेलाय. तो थेट फळ्यावर घेऊ नका. ‘नवीन जीआर (शासन निर्णय) आला’ म्हणणाऱ्याला जीआर मागा. राज्याच्या शासन निर्णयावर संगणक संकेतांक असतो. तो शासनाच्या संकेतस्थळावर टाकला की मूळ कागद निघतो. निघाला नाही तर बातमी थांबवा. केंद्राच्या योजनांबद्दलचे दावे पीआयबीच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाच्या, फॅक्ट चेक विभागाकडे तपासता येतात.

हे कंटाळवाणं वाटेल. पण धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात 1 जुलै 2018 रोजी मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने भिक्षा मागत आलेल्या पाच जणांना ठार मारलं. अशी अफवा कानावर आली तर आधी पोलीस ठाण्यात फोन करा, आणि तिथून कळलेलं लगेच फळ्यावर लिहा. आठवड्याची वाट पाहू नका.

फळा कुठे, भाषा कोणती

पानठेल्याजवळ लावला तर बायका तिथे थांबणार नाहीत. पिठाची गिरणी, अंगणवाडी, बसथांबा या जागा बऱ्या. वाचता न येणाऱ्यांसाठी बाजाराच्या संध्याकाळी कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवावं. मेळघाटात कोरकूत, गडचिरोलीकडे गोंडी-माडियात सांगणारा माणूस हवा. व्हॉट्सॲप ग्रुप केलात तर मेसेज टाकायची मुभा फक्त बातम्या निवडणाऱ्या या तीन-चार माणसांनाच ठेवा. नाहीतर दोन दिवसांत ‘शुभ सकाळ’खाली बातमी गाडली जाते.

ग्रामसभेपर्यंत

योजनांच्या तारखा सांगून थांबलात तर तो फळा सेवा केंद्राची जाहिरात होऊन बसेल. पाचांतली एक बातमी गावाच्या कारभाराची असलीच पाहिजे. उदाहरणार्थ, 2021 ते 2026 या काळातल्या 15व्या वित्त आयोगाच्या, केंद्राकडून ग्रामपंचायतींना आलेल्या निधीतला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधील होता. आपल्या गावात तो कुठे लागला, हा प्रश्न फळ्यावर लिहा.

वर्षात किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या ठरलेल्या तारखा सगळ्यांच्या ओळखीच्या आहेत. गणपूर्तीला (सभा ग्राह्य धरायला लागणाऱ्या किमान हजेरीला) 15 टक्के मतदार किंवा 100 जण, यांतली कमी संख्या लागते. सूचना निघण्याआधीच प्रश्न लेखी देऊन पोच घ्या, म्हणजे तो विषयपत्रिकेवर यावा म्हणून आग्रह धरता येतो. ग्रामसभेआधीच्या महिला सभेत बचतगटातल्या ताईने तोच प्रश्न मांडला तर त्याचं वजन वाढतं.

गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने हे फार आधी ओळखलं होतं. तिथे अभ्यास गट बसून विषय समजून घेई आणि मग ग्रामसभा सर्वसहमतीने निर्णय घेई. 2009 मध्ये त्यांना सामूहिक वनहक्क, म्हणजे गावाच्या जंगलावरचा सगळ्यांचा मिळून हक्क, मिळाला, आणि तो मिळण्यामागे वनहक्काचा कायदा नीट वाचणं हेही एक कारण होतं.

सभेत उत्तर टाळलं गेलं तर माहिती अधिकाराचा अर्ज द्या. शुल्क 10 रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेही नाही, आणि उत्तराची मुदत 30 दिवस. फळ्याच्या एका कोपऱ्यात ओळ मोकळी ठेवा: प्रश्न, अर्जाची तारीख, मुदत संपण्याची तारीख. उत्तर आलं नाही तर पुढच्या आठवड्यात ‘उत्तर बाकी’ एवढंच लिहा, आणि पहिल्या अपिलाचा कागद तयार करायला घ्या.