सायफाय वाचायचंय पण नेमकं कुठलं? नाव विचारायच्या आधी हे करा

सध्या सायफाय वाचणाऱ्या कुणालाही विचारा काय वाचू, दहा जण दहा नावं सांगतील. अँडी वीअरचं 'प्रोजेक्ट हेल मेरी' कुणीतरी सांगणारच, मग 'थ्री बॉडी प्रॉब्लेम', मग मर्डरबॉट, मग 'चिल्ड्रन ऑफ टाइम', आणि एक तरी जण म्हणणार की ते सगळं राहू दे, आधी 'ड्यून' वाच. मग नवीन माणूस काय करतो, ज्याचं नाव सगळ्यात जास्त वेळा कानावर आलं ते उचलतो, पन्नास-साठ पानं रेटतो, बाजूला ठेवतो आणि ठरवून टाकतो की सायफाय आपल्यासाठी नाहीच. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण पुस्तकही चांगलं होतं आणि वाचकही चांगला होता, फक्त जोडी जुळली नाही. ही जोडी कशी जुळवायची ते सांगते, गेली कित्येक वर्षं मी लोकांना पुस्तकं देतेय त्यातून शिकलेलं आहे हे.

पहिलं म्हणजे स्वतःला विचारा, मागच्या वेळी हातातून खाली ठेववलं नाही असं पुस्तक कुठलं होतं. सायफायच पाहिजे असं नाही, रहस्यकथा असेल, चरित्र असेल, काहीही. आणि त्यातलं कुठलं पान आठवतं? पान विचारतेय मी, विषय नाही. 'मला स्पेस आवडतं' यावरून काहीच कळत नाही, कारण स्पेसमध्ये लढायांच्या नऊ-नऊ जाडजूड कादंबऱ्या पण आहेत आणि समांथा हार्वीची 'ऑर्बिटल' पण आहे, जिला 2024 चं बुकर मिळालं आणि जिच्यात सहा अंतराळवीर एका दिवसात पृथ्वीभोवती 16 फेऱ्या मारतात, बास, एवढंच घडतं. दोन्ही स्पेसच. पण कुणी म्हणालं की 'तो माणूस एकटाच बसून एकेक गोष्ट पडताळून बघत होता ते पान', की मला लगेच कळतं पुढे काय द्यायचं.

अशा माणसाला 'प्रोजेक्ट हेल मेरी'च द्यायचं. सुरुवातीलाच नायक एका खोलीत जागा होतो, स्वतःचं नाव आठवत नाही आणि कॉम्प्युटर त्याला विचारतोय दोन अधिक दोन किती. जरा सावरल्यावर त्याला जाणवतं की वस्तू जास्तच वेगात खाली पडतायत. मग तो टेपने उंची मोजतो, वस्तू सोडतो, स्टॉपवॉचवर वेळ बघतो, पुन्हा सोडतो, पुन्हा बघतो, सरासरी काढतो आणि उत्तर येतं की पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला 15 मीटर प्रति सेकंदने वाढतोय. पृथ्वीवर हा आकडा 9.8 असतो. बरं तो इथेही थांबत नाही, आपण एखाद्या गरगर फिरणाऱ्या यंत्रात तर नाही ना हे तपासायला लंबक बांधतो. शाळेत प्रयोगवहीत लिहिलेलाच प्रयोग, पण इथे त्या उत्तरावर कळणार असतं की आपण पृथ्वीवर आहोत की नाही! हे वाचताना ज्याला 'अरे पुढे काय, पुढे काय' होतं त्याने अजिबात विचार न करता घ्यावं. नंतर त्याचंच 'द मार्शियन', जे त्याने आधी स्वतःच्या वेबसाइटवर प्रकरण-प्रकरण करून फुकट वाचायला ठेवलं होतं. माझं मत विचाराल तर वीअरची माणसं थोडी एकाच आवाजात बोलतात, पण कोडं सोडवण्याचा जो आनंद तो देतो तो सध्या दुसरं कुणी देत नाही.

आणि जो हे वाचून 'बरं, मग?' म्हणतो त्याला माणसं हवी असतात, गणितं नाही. त्याला मार्था वेल्सचं 'ऑल सिस्टम्स रेड' द्या. हा मर्डरबॉट म्हणजे अर्धं यंत्र अर्धं सजीव असा सिक्युरिटी गार्ड आहे, त्याने स्वतःला ताब्यात ठेवणारं मॉड्यूल हॅक केलंय, म्हणजे आता तो मनात येईल ते करू शकतो, आणि तो करतो काय तर सिरियल बघतो, 35,000 तासांच्या आसपास मनोरंजन त्याने बघून-ऐकून-वाचून संपवलंय. माणसांनी डोळ्यात डोळे घालून बघितलं की त्याला नकोसं होतं. आणि तरी त्याच माणसांना वाचवायला धावतो. यात इतकं काही जवळचं आहे की मी ज्यांना ज्यांना दिलं त्यातल्या बहुतेकांनी दोन दिवसात संपवलंय. याच वाटेवर बेकी चेंबर्स, 'अ साम फॉर द वाइल्ड बिल्ट', एक चहा देत फिरणारा साधू आणि जंगलातून आलेला रोबो, आणि रोबोचा एकच प्रश्न की माणसांना नेमकं हवंय काय. थकलेल्या माणसाला द्यायचं पुस्तक आहे हे.

या दोन्हींचा अजून एक फायदा आहे, ती छोटी आहेत. सायफायच्या ह्यूगो पुरस्कारात 17,500 ते 40,000 शब्दांच्या गोष्टीला नॉव्हेला धरतात, म्हणजे एका सुट्टीत संपेल एवढं. सायफाय जमतंय का हे बघायचं असेल तर नॉव्हेलापासूनच सुरू करा. नाहीतर कथांपासून, ज्यांनी नारळीकरांच्या कथा वाचल्यात त्यांना माहितीये की वीस पानांत केवढं मोठं काय काय मावतं. टेड चियांग हा त्यातला बादशहा, आजवर त्याचे कथासंग्रह फक्त दोन, 2002 चा आणि 2019 चा, आणि 'अरायव्हल' सिनेमा ज्यावरून केला ती कथा पहिल्या संग्रहात आहे. त्याची 'एक्सहेलेशन' नावाची कथा आहे, तिच्यात धातूचा एक प्राणी स्वतःचा मेंदू कसा चालतो हे बघायला स्वतःचंच डोकं उघडतो, आरसे लावून, हळूहळू, एकेक भाग बाजूला करत. कल्पनेवर जीव असणाऱ्यांनी तिथून सुरू करावं.

आता अवघड पुस्तकांचं. 'ड्यून' 1965 चं आहे आणि पहिल्या पानापासून अनोळखी शब्द अंगावर येतात. बऱ्याच जणांना माहितीच नसतं की शेवटी शब्दार्थांची यादी दिलीय, तिथे एक बुकमार्क लावून ठेवा आणि तरी प्रत्येक शब्द शोधत बसू नका, अर्धे शब्द पुढे वाचता वाचता आपोआप उलगडतात. 'थ्री बॉडी प्रॉब्लेम'मध्ये लोक नावांमध्ये अडकतात. चिनी नावात आडनाव आधी येतं, ये वेनजिए मधलं ये हे आडनाव, एवढं लक्षात ठेवलं आणि एका चिठ्ठीवर कोण कोणाचं कोण ते लिहीत गेलं की सोपं होतं. अजून एक, या पुस्तकाची सुरुवात 1967 मध्ये, चीनच्या सांस्कृतिक क्रांतीत होते आणि ती वाचवत नाही इतकी कठोर आहे, काहींना वाटतं हे कुठलं सायफाय. चिनी पुस्तकात हा भाग मध्ये कुठेतरी ठेवला होता, केन लिऊने 2014 च्या इंग्रजी भाषांतरात तो पुढे आणला, लेखक लिऊ त्सशिनच्या मनात मुळात तसंच होतं. आणि ते बरोबरच झालं, कारण ये वेनजिए पुढे जो निर्णय घेते तो तिने काय पाहिलंय हे माहिती असल्याशिवाय पटतच नाही. तेव्हा ती पानं गाळू नका, प्लीज.

ॲन लेकीचं 'ॲन्सिलरी जस्टिस' पण असंच, सुरुवातीला गोंधळ उडतो. त्यातल्या साम्राज्याच्या भाषेत स्त्री-पुरुष असा फरकच नाही म्हणून सांगणारं पात्र सगळ्यांनाच इंग्रजीतलं 'शी' म्हणजे 'ती' म्हणतं. मराठी वाचकाला हे जास्त लागतं असं मला वाटतं, आपण साधं 'आला' का 'आली' म्हटल्याशिवाय कुणाला दारातून आत पण आणू शकत नाही! मी पहिली चाळीस पानं मनातल्या मनात ठरवत बसले होते की हा पुरुष आहे का बाई, आणि मग ते सोडून दिलं, आणि सोडल्यावरच पुस्तक सुरू झालं. ज्यांना ते आवडेल त्यांनी उर्सुला ले ग्विनचं 1969 चं 'लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' घ्यावं, तिथे याच प्रश्नाला उलट बाजूने हात घातलाय, तिने सगळ्यांना इंग्रजीतलं 'ही' म्हणजे 'तो' म्हटलंय आणि त्यावर तिला नंतर स्वतःलाच पुन्हा विचार करावासा वाटला.

पुरस्कार बघून निवडायचं असेल तर कोण देतं ते बघा. ह्यूगोला वर्ल्डकॉन या सायफाय संमेलनाचे मेंबर म्हणजे फॅन्स मत देतात, नेब्युलाला लेखक, क्लार्क अवॉर्डला छोटी ज्युरी असते. 'ॲन्सिलरी जस्टिस'ला तिन्ही मिळाले पण असं क्वचित होतं. माझी पद्धत अशी की जिंकलेलं सोडा, ह्यूगोची फायनलिस्टची यादी घ्या, कादंबरीला सहा नावं असतात, सहाहींची पहिली दहा पानं वाचा आणि जे ओढून नेईल ते घ्या. आणि ह्यूगोत फँटसी पण असते हे लक्षात ठेवा, नाहीतर स्पेसशिप शोधत बसाल.

'सध्या वाचतायत' म्हणजे नवीनच असं पण नाही. जॅकलिन हार्पमनची 1995 ची फ्रेंच कादंबरी, 'आय हू हॅव नेव्हर नोन मेन', जमिनीखालच्या पिंजऱ्यात चाळीस जणी आणि त्यातली एक लहान मुलगी, ती आत्ता इतक्या वर्षांनी लोक एकमेकांना देतायत. ऑक्टेव्हिया बटलरचं 'पॅरेबल ऑफ द सोअर' 1993 चं, पण त्यातली डायरी सुरू होते 20 जुलै 2024 ला, म्हणजे तिने कल्पिलेली तारीख आपण खरंच ओलांडून आलोय. मी ती तारीख आल्यावर मुद्दाम पुन्हा वाचायला घेतलं होतं, वेगळंच वाटतं.

मालिका असेल तर जसजशी छापली त्या क्रमाने वाचा, गोष्टीतल्या काळाच्या क्रमाने नको. 'फाउंडेशन'च्या आधीच्या काळावरची पुस्तकं आसिमॉव्हने खूप नंतर लिहिली, ती आधी वाचलीत तर मूळ पुस्तकातली मजा जाते. मर्डरबॉटमध्ये 'फ्युजिटिव्ह टेलिमेट्री' छापलं गेलं 'नेटवर्क इफेक्ट'नंतर पण घडतं आधी, तिथे कसंही वाचलं तरी चालतं.

आणि एक दिवस तुम्ही स्वतः कुणालातरी पुस्तक सुचवाल, तेव्हा 'भारी आहे, वाच' एवढंच म्हणू नका. कुठपर्यंत धीर धरायचा ते सांगा. माझ्या बहिणीला मी उत्साहाने आधी ले ग्विन दिलं आणि तिने न वाचता परत केलं, चूक माझी, मी तिला काहीच विचारलं नव्हतं. मग विचारल्यावर म्हणाली, मला कुणीतरी हळूहळू शहाणं होत जातं ते वाचायला आवडतं. ते तर थेट एड्रियन चायकोव्स्कीचं 'चिल्ड्रन ऑफ टाइम', पण त्यात शहाणे होत जातात ते कोळी, आणि तिला कोळ्यांची भीती, भिंतीवर दिसला तर खोलीबाहेर जाणारी ती. तरी दिलं, पहिल्या पानावर चिठ्ठी लावून, 'पोर्शियाची दुसरी पिढी येईपर्यंत थांब, नंतर नको वाटलं तर परत दे.' त्यात दर पिढीत नवीन कोळीण येते, नाव तेच पोर्शिया, आणि आधीच्या पिढ्यांनी शिकलेलं तिच्यात उतरलेलं असतं. चार दिवसांनी रात्री अकराला फोन, मला वाटलं काय झालं. म्हणाली, माणसांचं जहाज कोळ्यांच्या ग्रहाकडे निघालंय, शेवट सांगू नकोस, पण माझ्या कोळ्यांना काही होणार नाही ना तेवढं फक्त सांग.