टर्बो गाडीला फ्युएल प्रेशर रेग्युलेटर घेताना या चुका टाळा

टर्बो बसवला, इंजेक्टर मोठे टाकले, पंप बदलला आणि इंजेक्टरना जाणाऱ्या पेट्रोलचा दाब ठरवणारा रेग्युलेटर मात्र रंग बघून उचलला, असं बरेचदा होतं. मग डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) गाडी लीन, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी, दाखवते आणि सगळे ट्युनरला धारेवर धरतात.

सगळ्यात महागात पडते ती बूस्ट रेफरन्स नसलेला, म्हणजे टर्बोने चढवलेला हवेचा दाब (बूस्ट) न ओळखणारा रेग्युलेटर लावण्याची चूक. इंजेक्टरच्या एका टोकाला रेलमधलं (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतलं) पेट्रोल असतं, दुसऱ्या टोकाला मॅनिफोल्डमधली (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधली) हवा. रेलमध्ये ३ बार आणि बूस्ट १ बार असेल, तर इंजेक्टरच्या वाट्याला २ बारच येतात. प्रवाह दाबाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे पेट्रोल सुमारे १८ टक्क्यांनी घटलं, तेही फुल थ्रॉटलला. नॉकिंग (इंधनाचा अवेळी स्फोट) सुरू झालं की पिस्टनची काही खैर नाही. म्हणून १:१ रेग्युलेटर घ्या: बूस्ट जितका वाढेल तितकाच रेलचा दाब वाढवणारा. बूस्टच्या कैक पट दाब चढवणारे जुने प्रकार स्टॉक ईसीयू (इंजिनचा मूळ कॉम्प्युटर) फसवण्यासाठी होते. आज ईसीयू नीट ट्यून करता येत असेल तर त्यांच्या वाटेला जाऊ नका.

खरेदीआधी इंजिन कोणतं तेही बघा. टीएसआयसारख्या डायरेक्ट इंजेक्शन (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडणाऱ्या) इंजिनात रेलचा दाब शंभर बारच्या वर जातो आणि तो ईसीयूच सांभाळतो. तिथे हा बाहेरचा रेग्युलेटर निरुपयोगी. कार्ब्युरेटरसाठीचे ४-७ पीएसआयचे (१ बार म्हणजे सुमारे १४.५ पीएसआय) नग दिसायला सारखेच असतात, ते एमपीएफआयला (मॅनिफोल्डमध्ये पेट्रोल सोडणाऱ्या इंजेक्टरच्या इंजिनाला) चालत नाहीत. आणि रेग्युलेटर टाकीतच असलेल्या रिटर्नलेस गाडीत रिटर्न लाइन (जादा पेट्रोल टाकीत परत नेणारा पाइप) ओढल्याशिवाय काहीच जमणार नाही.

आता पंप. त्याच्यावर छापलेले २५५ लिटर प्रतितास हे साधारण ४० पीएसआयचे असतात. बेस (बूस्ट किंवा व्हॅक्युम नसतानाचा रेलचा दाब) ४३.५ पीएसआय, म्हणजे ३ बार, आणि वर २० पीएसआय बूस्ट म्हणजे पंपाला ६३ च्या पुढे ढकलायचंय. तिथे प्रवाह बराच उतरतो. बूस्टमध्ये दाब वाढायचा थांबला की लोक रेग्युलेटरचा स्क्रू पिळतात. त्याआधी फिल्टर बघा आणि लोडवर पंपाच्या टर्मिनलला मल्टिमीटर लावून व्होल्टेज मोजा. जुन्या बारीक वायरिंगमध्ये एखाद-दीड व्होल्ट सहज गळतो. उलट, स्क्रू पूर्ण सैल करूनही आयडलला दाब खाली येत नसेल, तर रिटर्न पाइप बारीक आहे किंवा मोठ्या पंपापुढे रेग्युलेटर छोटा पडतोय.

रेग्युलेटरला मॅनिफोल्डचा दाब कळवणारा व्हॅक्युमचा पाइप थ्रॉटलनंतर, थेट मॅनिफोल्डवरून घ्या. ब्रेक बूस्टरच्या वन-वे व्हॉल्व्हपलीकडून घेतला तर बूस्ट रेग्युलेटरपर्यंत पोचतच नाही. बूस्ट गेज, ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह (थ्रॉटल सोडल्यावर जादा बूस्ट सोडणारा) आणि रेग्युलेटर एकाच टी-वर (फाट्याच्या जोडावर) टांगण्याचा मोहही आवरा. बेस प्रेशर लावताना हा पाइप काढून त्याचं तोंड बंद करा. पाइप जोडलेला ठेवून आयडलला ४३.५ लावलं, तर खरा बेस त्याहून जास्त बसतो. काढलेल्या पाइपला पेट्रोलचा वास आला तर डायफ्राम (रेग्युलेटरच्या आतला लवचिक पडदा) फाटलाय. काळा धूर आणि ओले प्लग त्याचेच. त्यात समायोजन नाही, बदलायचंच.

ई२० पेट्रोल भरत असाल तर डायफ्राम आणि ओ-रिंग इथेनॉलला टिकणारे आहेत का, हे विक्रेत्याला स्पष्ट विचारा. 'चालतं हो, सगळ्यांना देतो' हे उत्तर धरू नका. शिवाय ओ-रिंगच्या फिटिंगला टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. सील तिथे ओ-रिंगच करते आणि टेपचा तुकडा सुटून रेग्युलेटरच्या सीटवर अडकला की दाब नाचत राहतो.

रेग्युलेटरवरचं द्रव भरलेलं गेज बॉनेटखाली तापलं की कमी दाब दाखवू लागतं. ते गार इंजिनावर सेटिंगपुरतं ठीक आहे. बूस्टमध्ये काय घडतंय ते बघायचं असेल तर रेलवर सेन्सर लावून मॅनिफोल्डच्या दाबासोबत लॉग करा.