आधी घाणा, मग तळं : क्रीटमधल्या कुर्नासची एक दिवसाची सहल

ग्रीसच्या क्रीट बेटावर गोड्या पाण्याचं नैसर्गिक तळं एकच, कुर्नास. हान्या आणि रेथिम्नो या दोन शहरांच्या मधे, आपोकोरोनास भागात, समुद्रकाठच्या जॉर्जिऊपोली गावापासून जेमतेम चार किलोमीटर आत. मागे लेफ्का ओरी, म्हणजे पांढरे डोंगर, आणि आजूबाजूच्या उतारांवर ऑलिव्हच्या बागा. त्यामुळे तळं आणि तेल एकाच दिवसात उरकणं इथे सोपं जातं, आणि वाटाड्यासह निघणाऱ्या अशा सहलीही मिळतात.

अडचण क्रमाची आहे. बऱ्याच सहली सकाळी तळ्यावर नेतात, मग जेवण, आणि परतीच्या वाटेवर तेल चाखणं. हा क्रम उलटा करून घ्या. तेल नाकाने ओळखायचं असतं. तळ्यावर जाताना अंगभर सनस्क्रीन फासलेलं असतं, त्याचा वास हाताला चिकटतो, आणि चाखताना ग्लास त्याच हातात असतो. वर दुपारचं लसूण घातलेलं जेवण आणि जेवणानंतर आलेली त्सिकुदिया, म्हणजे इथली द्राक्षाची दारू. एवढं झाल्यावर चांगलं तेल आणि बरं तेल यांतला फरक जाणकारालाही कळणार नाही. म्हणून सकाळी घाणा आणि मग तळं.

कधी जायचं

ऑलिव्हची तोड साधारण ऑक्टोबरच्या अखेरीला सुरू होते आणि जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत चालते. घाणा चालू असलेला पाहायचा तर हेच दिवस. तळ्याचं गणित वेगळं आहे. चुनखडीच्या डोंगरात मुरलेलं हिवाळी पावसाचं पाणी झऱ्यांवाटे तळ्यात येतं, त्यामुळे वसंतात तळं काठोकाठ भरतं आणि उन्हाळ्याच्या शेवटी बरंच खाली जातं.

दोन्हीचा मेळ घालायचा तर ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा ते नोव्हेंबरचा पहिला हा काळ सगळ्यांत चांगला. ताज्या हिरव्या तेलाचा पहिला घाणा निघत असतो आणि ऊन सोसवतं. पाणी मात्र उतरलेलं असतं आणि काठाला मातीचा फिकट पट्टा उघडा पडलेला असतो. भरलेलं तळं हवं असेल तर एप्रिल-मे निवडा. तेव्हा यंत्रं बंद असतात, पण तेल पाच-सहा महिन्यांचंच असतं, चाखायला उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये गेलात तर घाणा दहाला, जेवण डोंगराच्या बाजूच्या एखाद्या गावात सावलीत, आणि तळ्यावर चारनंतर. भर दुपारी तिथे उन्हापासून सुटका नाही.

सहल ठरवताना विचारायच्या गोष्टी

पहिला प्रश्न: किती तेलं चाखवणार? तीन किंवा चार हे योग्य उत्तर. चारांपुढे जीभ थकते. व्यावसायिक चाखणाऱ्यांनाही एका बैठकीत चारच नमुने देतात. दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा: त्यांत एखादं बिघडलेलं तेल आहे का? खवट तेल शेजारी ठेवल्याशिवाय चांगलं तेल चांगलं का, ते समजत नाही. जो वाटाड्या मुद्दाम एक खराब नमुना ठेवतो, त्याला शिकवायचं असतं. ज्याच्याकडे सगळंच उत्तम असतं, त्याला बाटल्या विकायच्या असतात. तिसरा प्रश्न तोडीच्या सालाचा. आणि चाखणं पावाबरोबर की नुसतं? पाव बुडवून खाणं हे जेवण झालं. ते हवंच, पण नंतर.

गाडी स्वतः चालवणार असाल तर लक्षात ठेवा, ग्रीसमध्ये रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा लिटरला ०.५ ग्रॅम आहे. आग्रहाने पुढे केलेली त्सिकुदिया चालवणाऱ्याने नाकारली तर कुणी वाईट वाटून घेत नाही.

सकाळची तयारी

न्याहारी हलकी करा आणि चाखण्याच्या किमान एक तास आधी उरका. अगदी रिकाम्या पोटीही जाऊ नका, कडू तेल रिकाम्या पोटाला सोसत नाही. कॉफी आणि सिगारेट चाखणं संपेपर्यंत बाजूला. अत्तर, वासाचं क्रीम, सनस्क्रीन काही लावू नका. उन्हाची काळजी वाटत असेल तर लांब बाह्यांचा सुती शर्ट आणि टोपी घाला. हात बिनवासाच्या साबणाने धुवा.

घाण्यावर काय पाहायचं

आपण सवयीने घाणा म्हणतो, पण दगडी जातं आता बहुतेक ठिकाणी दाखवण्यापुरतं असतं. आत गेल्यावर मालाच्या वाटेनेच चाला. आधी पानं-काटक्या उडवून फळ धुतात. मग ते बीसकट चिरडतात. त्यानंतर तो लगदा एका आडव्या हौदात अर्धा-पाऊण तास हळूहळू मळला जातो, आणि नीट पाहण्याची जागा ही. मळता मळता तेलाचे बारीक थेंब एकमेकांना मिळून मोठे होतात. लगदा गरम केला तर तेल जास्त सुटतं, पण वास उडून जातो. म्हणून हौदावरचं तापमान वाचा. युरोपीय नियमांनुसार २७ अंशांच्या खाली काढलेल्या तेलालाच ‘थंड पद्धतीने काढलेलं’ असं लिहिता येतं.

पुढे डिकँटर, म्हणजे वेगाने फिरणारा आडवा पिंप. त्यात पाणी आणि चोथ्यापासून तेल वेगळं होतं. इथे एक प्रश्न जरूर विचारा: यंत्र दोन भाग करणारं (तेल आणि ओला चोथा) की तीन भाग करणारं (तेल, पाणी आणि चोथा)? तीन भाग करणाऱ्या यंत्रात वरून पाणी घालावं लागतं आणि शेवटी काळपट सांडपाणी उरतं. ग्रीक लोक त्याला कात्सीगारोस म्हणतात. तेलाला कडवटपणा देणारे फेनॉल त्यात भरपूर असतात. तेच ओढ्या-तळ्यांत गेले तर पाण्यातल्या जीवांना घातक. दोन भाग करणाऱ्या यंत्राला पाणी फार कमी लागतं, पण ओला चोथा उरतो आणि त्याची विल्हेवाट लावावी लागते. दुपारी ज्या तळ्याकाठी बसणार, त्याच्याशी सकाळच्या या प्रश्नाचा थेट संबंध आहे.

एक लिटर तेलाला साधारण पाच किलो फळ लागतं. क्रीटमध्ये मुख्य जात कोरोनेइकी: फळ बोराहूनही लहान, तेल मात्र दमदार. त्सुनाती ही दुसरी जुनी जात.

चाखायचं कसं

ग्लासात साधारण १५ मिली तेल घ्या, म्हणजे एक मोठा चमचा. चाखायचे खास ग्लास गडद निळे असतात, कारण रंगावरून तेलाची प्रत ठरत नाही आणि हिरवा रंग पाहून मन आधीच कौल देऊन मोकळं होतं. ग्लासाचं बूड एका तळहातात घ्या, दुसऱ्या तळहाताने तोंड झाका, आणि मिनिटभर हळूहळू फिरवा. तेल २८ अंशांच्या आसपास यायला हवं. थंड तेल वासच देत नाही. हिवाळ्यात पाहुण्यांना ‘काहीच कळलं नाही’ असं वाटतं, त्याचं नेहमीचं कारण हेच.

आता हात काढा आणि लगेच हुंगा. पहिले दोन श्वास सगळ्यांत खरे. चांगल्या तेलाला कापलेल्या गवताचा, कच्च्या टोमॅटोच्या पानांचा, हिरव्या सफरचंदाचा वास येतो. जाणकार त्याला फळाचा गंध म्हणतात, पण गोड पिकलं फळ शोधू नका. कच्चा, हिरवा वास शोधा.

मग लहानसा घोट, चहाच्या चमच्याहून कमी. जिभेवर पसरू द्या, दात मिटून ओठ किंचित उघडा आणि गरम चहा फुरकावा तशी हवा आत ओढा. आवाज होतो, होऊ द्या. हवेबरोबर वास घशामागून नाकात चढतो. आता गिळा आणि गप्प राहा. कडवटपणा जिभेवर आधी कळतो. तिखटपणा मात्र चार-पाच क्षणांनी येतो आणि तोही घशात, मिरपूड अडकल्यासारखा. कोरोनेइकीच्या ताज्या तेलाने सरळ ठसका लागतो. इथे पुष्कळजण तेल बाधलं समजून घाबरतात. ठसका हा गुण आहे, दोष नव्हे. तो ओलिओकँथल नावाच्या द्रव्यामुळे लागतो. २००५ साली संशोधकांनी दाखवून दिलं की ते शरीरात आयबुप्रोफेन या वेदनाशामक औषधासारखं काम करतं.

दोन नमुन्यांमध्ये सफरचंदाची फोड खा, पाण्याची चूळ भरा, पाचेक मिनिटं थांबा. सौम्य तेल आधी, जहाल शेवटी. उलट केलंत तर सौम्य तेल पाण्यासारखं लागेल.

दोषांसाठी मराठीत नेमके शब्द आहेत. जुन्या शेंगदाण्यांचा वास म्हणजे खवट: तेलाला हवा, ऊन किंवा वय लागलं. ओलसर बंद खोलीचा वास म्हणजे कुबट: फळाला बुरशी आली होती. आंबूस वास आला तर फळ पोत्यांत ढिगाने पडून राहिलं आणि आतल्या आत आंबलं. शिरक्यासारखी झणझण हीसुद्धा आंबण्याचीच दुसरी वाट. एक्स्ट्रा व्हर्जिन, म्हणजे सगळ्यांत वरच्या प्रतीचं, म्हणवणाऱ्या तेलात यांतला एकही दोष चालत नाही, शिवाय आम्लता ०.८ टक्क्यांच्या आत लागते. ही आम्लता जिभेला कळत नाही, ती प्रयोगशाळेतच मोजतात. त्यामुळे चाखताना कुणी ‘किती कमी आम्लता आहे बघा’ म्हणालं तर ते शब्द सोडून द्या आणि तेल हुंगा.

तळ्यावर

आता सनस्क्रीन लावा, पण लगेच पाण्यात उतरू नका. वीसेक मिनिटं मुरू द्या. शर्ट घालूनच पोहलात तर आणखी चांगलं, कारण अंगावरून सुटलेलं सगळं याच पाण्यात राहतं. तळं मोठं नाही, लांबी जेमतेम एक किलोमीटरच्या वर, रुंदी त्याहून कमी, आणि सगळ्यांत खोल जागी वीस मीटरच्या वर पाणी. मोटरची नाव इथे नसते. पायाने चालवायच्या नावा काठावरच तासाने भाड्याने मिळतात. भाडं आणि परतायची वेळ निघण्यापूर्वीच नक्की करा, लाइफ जॅकेट मागून घ्या. वारा चढत असेल तर जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जा, म्हणजे पाय दमल्यावर वाराच परत आणतो. याच्या उलट करणारे पलीकडच्या काठाला अडकतात.

इथली खरी श्रीमंती म्हणजे कासवं. गोड्या पाण्यातली ही लहान बाल्कन कासवं लव्हाळ्याच्या कडेला, तापलेल्या दगडांवर मान ताणून बसलेली दिसतात. नाव वीस-पंचवीस हात अलीकडे थांबवा, पॅडल सोडा आणि वाट पाहा. सावली पडली किंवा पॅडल आपटलं की एकामागून एक डुबुक डुबुक करत सगळी पाण्यात, आणि मग बराच वेळ वर येत नाहीत. पाव अजिबात टाकू नका, बदकांनाही नाही. पावाने त्यांचं पोट बिघडतं आणि कुजून पाणीही. हा परिसर युरोपच्या नातुरा २००० या संरक्षित जाळ्यात आहे.

पोहायचं असेल तर पायात पाण्याचे बूट हवेत. काठ खडीचा आहे, आणि पाणी उतरल्यावर उघड्या पडलेल्या कडेला काही जागी वरून कोरडी दिसणारी माती पायाखाली खचते. काठावरून अंदाजे साडेतीन किलोमीटरचा फेरा होतो, पण तो पाणी उतरलेलं असतानाच पुरा होतो. वसंतात पलीकडची वाट पाण्याखाली असते, तेव्हा गेलात तसेच परत या.

जेवण पोहण्यानंतर, काठावर खानावळी आहेत. आता तेलात पाव बुडवा. आर्गिरुपोलीचे झरे त्याच दिवशी जोडण्याचा मोह होतो, जागाही सुंदर आहे, पण मग घाण्यावर वीसच मिनिटं मिळतात. त्यासाठी वेगळा दिवस ठेवा.

तेल विकत घेताना

चाखलेल्या पिंपातलंच तेल मागा. बाटलीवर तोडीचं साल पाहा, काच गडद असू द्या किंवा सरळ पत्र्याचा डबा घ्या. आम्लता छापली असेल तर नियमाप्रमाणे पेरॉक्साइडसह (तेलाला हवा किती लागली याचं माप) इतर आकडेही छापावे लागतात. नुसता एकच आकडा ठळक दिसला तर विचारा. एक लिटर तेल साधारण ९१५ ग्रॅम भरतं, म्हणजे पाच लिटरचा डबा डब्याचं वजन सोडून साडेचार किलोच्या वर. विमानात तो हातातल्या बॅगेत चालणार नाही, मोठ्या बॅगेतच जाईल. झाकण घट्ट करून चिकटपट्टी लावा, दोन जाड पिशव्यांत बांधा आणि कपड्यांच्या मधोमध उभा ठेवा. आणि तळ्यावर असताना तो डबा गाडीच्या डिकीत तापू देऊ नका. सकाळी घेतलेलं तेल दुपारी तीन-चार तास उन्हातल्या गाडीत राहिलं तर त्याचा वास मंदावतो. वाटाड्याला सांगून डबा घाण्यावरच ठेवा आणि परत जाताना उचला.