मिलीबग खाणारे भुंगे सोडताय? आधी पांढऱ्या अळ्या ओळखायला शिका

द्राक्षात मिलीबग, म्हणजे रस शोषणारा पांढरा कापसासारखा किडा, दिसला की आपल्या नाशिकच्या निफाड-दिंडोरी पट्ट्यात पहिला हात जातो तो ब्लोअरकडे, म्हणजे फवारणीच्या यंत्राकडे, मी पण त्यातलाच. पण हा किडा बसतो सालीखाली नाहीतर भरलेल्या घडाच्या आत, तिथं औषध पोचत नाही आणि काढणी जवळ आली की रेसिड्यूचं, म्हणजे मालात उरणाऱ्या औषधाच्या अंशाचं, टेन्शन वेगळंच. म्हणून क्रिप्टोलेमस भुंगे आणायला लागलो. लेडीबर्डच्याच जातीतला, मूळचा ऑस्ट्रेलियाचा, आपल्या देशात १८९८ मध्ये आणलेला. मसुराएवढा, पाठ काळी, डोकं आणि मागचं टोक नारिंगी.

भुंग्यांचा डबा आणायच्या आधी मुंग्यांचा बंदोबस्त करा. मिलीबगचा गोड चिकटा मुंग्यांना लागतो, त्यामुळं त्या त्याची राखण करतात आणि भुंग्यांना हुसकावतात. खोडावर मुंग्यांची रांग कुठं जाते ते बघा, मिलीबग तिथंच सापडतो. खोड आणि ओलांड्यावरची (वेलीच्या आडव्या फांद्यांवरची) सुटलेली साल काढून बागेबाहेर न्या, खरड छाटणीनंतर, म्हणजे काढणीनंतरच्या मोठ्या छाटणीनंतर, हे काम सोपं पडतं. आणि कडक कीटकनाशक मारलं असेल तर किमान दोन-तीन आठवडे थांबा, सोडल्यावरही मारू नका, नाहीतर पैसे देऊन आणलेले भुंगे आपणच मारणार.

सोडायचे संध्याकाळी, ऊन उतरल्यावर. डबा गाडीत उन्हात ठेवू नका, आणला त्याच दिवशी सोडा. सगळ्या बागेत शिंपडत बसू नका, मिलीबग असलेल्या वेलीवर दहाएक भुंगे पुरे. खायला नसेल तर उडून जातात, म्हणून 'आधीच सोडून ठेवू' हा हिशोब चालत नाही. आपल्याकडच्या कडाक्याच्या थंडीत ते सुस्त पडतात, तेव्हा फार अपेक्षा नको.

आता खरी गोम. याची मादी मिलीबगच्या कापसासारख्या अंडीपुंजात अंडी घालते, आणि त्यातून निघणारी अळी पांढरीशुभ्र, अंगावर मेणाच्या झिपऱ्या, अगदी मिलीबगच! पहिल्या वर्षी मी ब्रश घेऊन अर्धा दिवस या अळ्या घासून काढल्या, वर बायकोला सांगितलं की बघ किती मोठा मिलीबग झालाय. काडीने टोचून बघा, अळी तुरुतुरु पळते, मिलीबग ढिम्म. अळीच्या झिपऱ्या लांब असतात आणि आकारही मिलीबगपेक्षा बराच मोठा. मजुरांना कामाला लावण्याआधी हे हातात घेऊन दाखवा, नुसतं सांगून कळत नाही.

अंड्यापासून भुंगा व्हायला साधारण महिना लागतो, त्यामुळं आठ दिवसांत फोन करून शिव्या घालू नका. आणि घडावर चिकटा पसरून काळी बुरशी चढली असेल तर भुंगे काही ती पुसणार नाहीत, ते घड काढून बागेबाहेर टाका आणि त्या वेलींना रिबन बांधून ठेवा, पुढच्या हंगामात पहिली नजर तिथंच टाकायची.