रिफॉर्मर घ्यायच्या आधी टेप काढा
घरी पिलाटेस व्यायामाचा रिफॉर्मर, म्हणजे स्प्रिंग नाहीतर दोरीच्या ताणावर सरकणारी गादी असलेलं मशीन, घेणार असाल तर आधी खोली मोजा राव, फुल साइज मशीन साधारण ८ फूट लांब असतं, म्हणजे पलंगापेक्षाही लांब, आणि फोल्डिंगवालं घेतलं तरी ते उघडायला जागा लागतेच ना. स्प्रिंगवालं आहे की इलॅस्टिक दोरीवालं ते विचारा, दोरी वापरून वापरून ढिली पडते. आणि एक गंमत, स्प्रिंग कमी लावली की व्यायाम सोपा होतो असं नाही हं, प्लँक करताना (हातापायांवर अंग सरळ ताठ धरताना) तर उलट जास्त फाटते कारण सरकती गादी आपल्यालाच आवरावी लागते. चढता-उतरताना एखादी स्प्रिंग लावलेली असू द्या, नाहीतर गादी पायाखालून सटकते.