ॲल्युमिनियमच्या हेडसाठी गॅस्केट कसे निवडावे

कुंभार्ली किंवा आंबा घाट चढताना इंजिन तापले आणि हेड गॅस्केट, म्हणजे सिलिंडर असलेला ब्लॉक आणि त्यावर झाकणासारखे बसणारे हेड यांच्यामधील सील, उडाले, की बहुतेक गाडीमालक आधी सुट्या भागांचे दुकान गाठतात. वास्तविक गॅस्केटची खरेदी सर्वांत शेवटी करावी, कारण कोणते गॅस्केट टिकेल हे हेड आणि ब्लॉक यांच्या पृष्ठभागांवर ठरते.

प्रथम ब्लॉक कशाचा आहे ते पाहावे. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. त्यामुळे बिडाच्या ब्लॉकवर ॲल्युमिनियमचे हेड असल्यास इंजिन तापून निवताना दर वेळी हेडचा पृष्ठभाग गॅस्केटवर किंचित घासतो. पोलादी पत्र्यांच्या थरांचे, रबराचा पातळ लेप दिलेले गॅस्केट हे घासणे चांगले सोसते. मात्र त्याला पृष्ठभाग अतिशय गुळगुळीत, साधारण ०.८ मायक्रॉन खडबडीतपणाच्या आतला लागतो. तेवढे फेसिंग (पृष्ठभाग यंत्रावर तासून सपाट व गुळगुळीत करणे) करून देणारे मशीन शॉप जवळ नसेल आणि कंपनीची मान्यता असेल, तर थोडा खडबडीतपणा सामावून घेणारे ग्रॅफाइटचे कंपोझिट गॅस्केट घेणे शहाणपणाचे. तांब्याचे गॅस्केट रोजच्या गाडीत मुळीच घालू नये, कारण कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) संपर्कात तांब्याशेजारचे ॲल्युमिनियम गंजते.

इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच हेड उतरवावे. ते स्वच्छ करून त्यावर सरळपट्टी लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर धरावी व फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांच्या मापकाने) पट्टीखालची फट मोजावी. मर्यादा सर्व्हिस पुस्तिकेत दिलेली असते. अनेक लहान पेट्रोल इंजिनांत ती ०.०५ मिलिमीटर आहे. किनारपट्टीवर पाण्याच्या छिद्रांच्या कडाही बारकाईने तपासाव्यात. रेडिएटरमध्ये खाडीकाठच्या विहिरीचे मचूळ पाणी पडत आले असेल, तर क्षारांमुळे तिथे खड्डे पडतात, आणि ते गॅस्केटच्या सीलखाली येत असतील तर कितीही महाग गॅस्केट गळणारच. असे हेड वेल्डिंग व फेसिंग करून घ्यावे किंवा बदलावे.

फेसिंगनंतर हेडची उंची कमी होऊन कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) वाढते, म्हणून किती धातू काढला हे लिहून घ्यावे आणि कंपनी देत असल्यास तेवढे अधिक जाड गॅस्केट मागावे. डिझेल इंजिनात जाडी बहुधा पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो त्यावरून ठरते, आणि ती ओळखण्यासाठी गॅस्केटच्या कडेला खाचा किंवा छिद्रे असतात.

जुने गॅस्केट लगेच फेकू नये. नवे त्यावर ठेवून पाण्याची व तेलाची सर्व छिद्रे जुळतात का आणि गॅस्केटमधले सिलिंडरचे भोक बोअरपेक्षा (सिलिंडरच्या आतल्या व्यासापेक्षा) लहान तर नाही ना, हे पाहूनच पैसे द्यावेत. पुस्तिकेत हेड बोल्ट एकदाच वापरण्याचे सांगितले असेल, तर नवे बोल्ट त्याच बिलात घ्यावेत.