फराळाची रेल्वे: खरा लाडू रुळाशेजारी ठेवू नका

दिवाळीत किल्ल्याशेजारी मॉडेल रेल्वे मांडायची आणि तिच्याभोवती फराळाचं गाव वसवायचं: चकलीचा बोगदा, लाडवांचा घाट, करंजीच्या छपराचं स्टेशन. मुलं तिथून हलत नाहीत. पण दुसऱ्याच दिवशी गाडी अडखळू लागते, आणि कारण बहुतेक वेळा एकच असतं, खरा फराळ.

या गाडीला वीज मिळते ती रुळांतून, चाकांवाटे. चकलीचं तेल, लाडवाचं तूप रुळावर उतरलं की मधे पातळ थर बसतो, त्यावर धूळ चिकटते. पहिल्या वर्षी आमचं इंजिन बोटाने ढकललं की चालायचं, वळणावर पुन्हा थांबायचं. उलटं करून पाहिलं, तर चाकांच्या कडेला काळा मऊ थर होता आणि त्याला बेसनाचा वास येत होता! आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या सुती कापडाने रूळ आणि चाकं पुसली, गाडी पळाली. पॉलिश पेपर मात्र वापरू नका, ओरखड्यांत मळ अधिकच अडकतो. शिवाय अनारशाला मुंग्या लागतात त्या वेगळ्याच.

म्हणून फराळ पॉलिमर क्लेचा, म्हणजे भाजल्यावर कडक होणाऱ्या प्लास्टिकच्या मातीचा करा. जुन्या सोऱ्यात चांदणीची चकती घालून, चांगली मळून मऊ केलेली क्ले दाबली की चकलीचे काटे हुबेहूब येतात. तो सोऱ्या परत स्वयंपाकघरात नेऊ नका. पाकिटावर दिलेल्या तापमानाला पूर्ण भाजल्याशिवाय ही क्ले थर्माकोलवर ठेवली, तर थर्माकोल विरघळतो. स्प्रे पेंटनेही तेच होतं, तिथे पाण्याचे रंग बरे. घरात तान्हं मूल असेल तर हे लाडू त्याच्या हाताला लागू देऊ नका, ते खरेच वाटतात.

दुसरी चूक प्रमाणाची. एचओ या मॉडेल रेल्वेच्या नेहमीच्या मापात सगळं 87 पटीने लहान असतं. 5 सेंटीमीटरचा लाडू या जगात सव्वाचार मीटरहून उंच, म्हणजे डब्याएवढा! आणि प्लॅटफॉर्मवर खराखुरा बटाटेवडा दाखवायचा, तर तो खसखशीच्या दाण्याएवढा हवा. दोन्ही एकत्र ठेवलं की डोळा गोंधळतो. माझं मत स्पष्ट आहे: फराळ अवाढव्यच ठेवा, माणसं चिमुकली.

आता रूळ. हे काम फराळाच्या आधी व्हायला हवं, नंतर नाही. आयसीएफचा, म्हणजे चेन्नईच्या कारखान्यातला नेहमीचा प्रवासी डबा या मापात जवळपास साडेचोवीस सेंटीमीटर लांब. तो 36 सेंटीमीटर त्रिज्येच्या वळणावर आतल्या आणि बाहेरच्या बाजूला रुळाबाहेर बराच येतो आणि चकलीला घासतो. सगळ्यात लांब डबा हाताने वळणावरून न्या, बाजूला पेन्सिल धरून रेघ मारा, त्या रेघेच्या आत काहीही नको. बोगद्याची उंची रुळाच्या माथ्यापासून साडेसात सेंटीमीटर तरी ठेवा.

घाटाचा चढही लोक विसरतात. बोरघाटात 37 मीटरला 1 मीटर असा चढ आहे आणि तिथे खऱ्या गाड्यांनाही कर्जतहून मागे जादा इंजिनं लावावी लागतात. मॉडेलमध्ये 3 टक्के पुरे. साडेसात सेंटीमीटर चढायला अडीच मीटर रूळ लागतो, ती जागा नसेल तर सपाटच धावू द्या.

आणि बोगद्यावरचा लाडू चिकटवू नका. गाडी घसरते ती नेमकी आतच. लाडू उचलून हात घालता आला पाहिजे.